दोनदा वाजलेला एक

रविवारी सकाळी खाली आले तर आई किचनमध्ये भोपळा चिरत होती. आम्ही भोपळा आणलेला नव्हता.

शिवाय त्या भोपळ्याला डोळे होते. दोन त्रिकोणी डोळे आणि अर्धं तोंड... उरलेलं अर्धं फोडी होऊन कढईत पडलं होतं. हॅलोविनला लोक दारात कोरून ठेवतात, तसला.

"बाजारातून आणला," आई म्हणाली. "पण आज सगळा बाजार ओस गं. दारोदार भोपळे मांडलेले, माणूस एक नाही. दोनदा हाक मारली, कुणी ओ देईना."

आई पुण्याहून अमेरिकेत ॲन आर्बरला माझ्याकडे येऊन तीन आठवडे झालेत. गेलं वर्षभर ती अधूनमधून शब्द विसरते, एकच गोष्ट तीनदा विचारते. ती तिकडे असताना मी त्याला वय म्हणत होते, इथे आल्यावर जेटलॅग म्हणू लागले.

"कधी गेलीस?" मी विचारलं.

तिने मनगट पुढे केलं. इथे येणारे बरेच आईबाबा हातातलं घड्याळ भारताच्या वेळेवरच ठेवतात, तिनेही ठेवलंय. "साडेदहा होऊन गेले होते निघाले तेव्हा. परत यायला सव्वाबारा उलटले."

तिकडचे सकाळचे साडेदहा म्हणजे इथले रात्रीचे एक. मी दाराकडे गेले. तिच्या चपला ओल्या होत्या आणि तळांना मेपलची पानं चिकटली होती...

दाराला सेन्सर आहे. रात्रीची नोटिफिकेशन्स मीच म्यूट केली होती. ॲपमध्ये दोन ओळी होत्या. दार उघडलं १:०६, दार बंद १:५२. खाली ॲपनेच हिशेब केला होता, ४६ मिनिटं. निघण्याची वेळ आईच्या सांगण्याशी जुळत होती, परतीची नाही. तिचा तासाभराचा घोळ झाला असणार, असं मी धरलं.

दादाला पुण्यात फोन केला. "किती वेळ बाहेर होती?" त्याने विचारलं. मी म्हटलं, सेहेचाळीस मिनिटं.

"हं... म्हणजे फार नाही. नव्या जागेत होतं असं. डॉक्टरचं परत आल्यावर इथेच बघू, तिकडे कशाला." मी हो म्हटलं. खरं सांगायचं तर मला ते ऐकून बरं वाटलं.

दुपारी आमच्या इथल्या मराठी ग्रुपवर दरवर्षीचा वाद पेटला होता... डेलाइट सेव्हिंग, म्हणजे उन्हाळ्यात घड्याळ तासभर पुढे आणि नोव्हेंबरमध्ये परत मागे करणं, ठेवावं की काढून टाकावं. एकीचं बाळ पहाटे पाचलाच उठून बसलं होतं. एकाला उन्हाळ्यातली नऊपर्यंतची उजेडाची संध्याकाळ हवी होती, म्हणून घड्याळ कायमचं पुढेच ठेवा म्हणत होता. त्यावर लगेच दुसरी, मग जानेवारीत मुलं नऊपर्यंत अंधारात बसची वाट बघतील त्याचं काय?

"यार, भांडता काय, काल एक तास फुकट मिळाला," एका मित्राने लिहिलं. "मी झोपून काढला."

मी उत्तर टाइप करायला घेतलं, की फुकट काही नसतं, काल रात्री एक ते दोन हा तास दोनदा झाला... आणि बोट तिथेच थांबलं.

सर्व्हरचे लॉग्ज, म्हणजे कधी काय झालं त्याच्या नोंदी, वाचणं हे माझं काम आहे. नवीन आलेल्या प्रत्येकाला मी पहिल्याच आठवड्यात सांगते, नोव्हेंबरमधल्या त्या एका रात्रीच्या लोकल टाइमवर विश्वास ठेवू नका. दोन वाजता घड्याळ पुन्हा एकवर येतं, त्यामुळे १:५२ दोन असतात. आणि स्वतःच्या आईच्या बाबतीत मी ॲपने दिलेला आकडा तसाच उचलला होता. कारण तो लहान होता.

सेन्सरचा मूळ लॉग काढला. तो यूटीसीमध्ये, म्हणजे जगभर एकच धरलेल्या वेळेत असतो, त्यात घड्याळं मागेपुढे होत नाहीत. उघडलं ५:०६. बंद ६:५२.

एक तास सेहेचाळीस मिनिटं.

थर्मोस्टॅटवरचा घराच्या तापमानाचा ग्राफ पाहिला. तेवढा पूर्ण वेळ घर थंड होत गेलं होतं. दार सताड उघडं, बाहेर शून्याखाली तापमान, आणि मी वरच्या खोलीत गाढ झोपलेली. ॲपच्या यादीत तो मधला तास कुठेच नव्हता. आई मात्र त्या तासात होती.

आणि तिचं 'सव्वाबारा उलटले' बरोबर होतं. यूटीसीचे ६:५२ म्हणजे भारतातले बारा बावीस.

सकाळी मी तिचं अर्धंच ऐकलं होतं. आता लॅपटॉप मिटला आणि तिच्यासमोर बसले. "आई, अंधारात रस्ता कसा सापडला तुला?"

"तो होता ना."

"कोण?"

"काय माहीत. बोलला नाही काही. पुढेपुढे चालायचा... मी मागे पडले की थांबायचा, वळून बघायचा. आपल्या दाराशी आणलं नि गेला निघून. चहा घे म्हटलं, तर थांबला नाही मेला."

आमच्या भागात हरणं खूप आहेत, रात्री कॉलनीतून फिरतात. रात्रपाळीवरून चालत परतणारेही असतात. तो यांपैकी कुणीही असू शकतो. आमच्या दाराला कॅमेरा नाही, आणि शेजारी विचारलं तर कुणालाच काही माहीत नव्हतं.

दादाला परत फोन केला आणि आकडा दुरुस्त केला. तो म्हणाला, "तिथेच दाखव. थांबू नकोस." गुरुवारची अपॉइंटमेंट मिळाली आहे. मी सोबत जाणार आहे, आणि डॉक्टरांसमोर जेटलॅग हा शब्द काढणार नाही.

कोण होता ते मला कदाचित कधीच कळणार नाही. पण जो कोणी त्या थंडीत आईच्या चालीने चालला, ती मागे पडल्यावर थांबला, त्याचे मनापासून आभार... यापुढे तेवढं मला जमायला हवं.