खांबावरची पेटी कोणाची?

ती केस माझ्या डोळ्यांसमोरून अजून हललेली नाही. नोकरीत खून पाहिले, दरोडे पाहिले. पण भर दुपारी अख्खं गाव विजेच्या खांबाकडे बघून टाळ्या वाजवतंय, असं एकदाच पाहिलं.

मी सातवी पास होऊन पोलीस दलात भरती झाले. त्या काळी तेवढ्यावर घेत असत. सहायक फौजदार होऊन निवृत्त झाले. ही घटना निवृत्तीच्या थोडी आधीची, कर्जत तालुक्यातल्या एका गावची. नाव कोणाचंच घेणार नाही. काही माणसं चांगली वागली, काही वाईट, पण सगळ्यांना अजून त्याच गावात राहायचं आहे.

त्या दुपारी ठाण्याच्या आवारात टेम्पो भरभरून माणसं आली. पुढे वायरमनचा भाऊ. "त्या बाईला आत टाका, न्हाईतर आमी हितनं हालनार न्हाई," असा त्याचा धोशा, आणि वर सगळ्यांसमोर तिला शिव्या.

झालं होतं असं. वायरमनला खांबावर चढायचं असेल तर तो आधी वीज उपकेंद्राला कळवतो. तिथला ऑपरेटर त्या गावची लाईन बंद करतो आणि वायरमन खाली उतरल्याचं सांगेपर्यंत चालू करत नाही. याला ते लोक परमिट म्हणतात. आमच्या वायरमनने परमिट घेतलं, खांबावर चढला, आणि तरी त्याला करंट बसला. कमरेच्या पट्ट्याला लटकून राहिला म्हणून वाचला. हात चांगलाच भाजला होता. नगरच्या दवाखान्यात तो बेशुद्ध होता. उपकेंद्रात त्या वेळी ऑपरेटर म्हणून एक बाई होती. गावाने ठरवून टाकलं, हिनेच मध्ये लाईन चालू केली.

आमचे साहेब मला म्हणाले, "बाई, तिचा जबाब घ्या आणि गुन्हा दाखल करून मोकळ्या व्हा. गावात भडका उडायला नको."

ऑपरेटर तिशीची, ख्रिस्ती घरातली, नोकरीत नुकतीच कायम झालेली. गुन्हा दाखल झाला की अटक, आणि अटक झाली की नोकरी गेली, हे तिला माहीत होतं. मी तिला पाणी दिलं आणि सरळ विचारलं, "लाईन तू चालू केलीस?"

"नाही मॅडम. मी बटणाला हात लावला नाही."

"मग दुसऱ्या कोणी केली असेल."

"दुसरं कोणी तिथे नव्हतंच. मी एकटीच होते."

मी जबाब लिहिणं थांबवलं. गुन्हेगाराला दुसऱ्याकडे बोट दाखवायची फट दिली की तो त्या फटीत शिरतोच. हिने स्वतःच्या हाताने ती फट बुजवली. खोटं बोलणारं माणूस असं करत नाही.

साहेबांनी मात्र उलटा अर्थ काढला. "एकटी होती ना? मग संपलं की. तिनेच केलं."

"साहेब, मला थोडी मुदत द्या."

"आठवडे बाजारापर्यंत. त्या दिवशी गाव पुन्हा जमणार. तेव्हा मला उत्तर द्यावं लागेल, आणि मी तुमच्या नावाने देईन."

मी दुसऱ्या दिवशी गावात गेले ती एकच प्रश्न घेऊन. लाईन मध्येच चालू झाली असेल तर लाईट अख्ख्या गावात आली असणार. आली होती का? सरळ पिठाच्या गिरणीत शिरले.

"लाईट आली आसती तर माझी चक्की फिरली नसती का?" गिरणीवाला म्हणाला. "खटका चालूच हुता. ह्या बाया दळणं घिऊन ताटकळत बसल्या हुत्या, इचारा त्यांना."

बायांनी माना डोलावल्या. लाईट आलीच नव्हती. मी साहेबांना फोन लावला. ते म्हणाले, "मग करंट काय आभाळातून पडला? तो कुठून आला ते सांगा, नुसतं एवढ्यावर भागणार नाही."

म्हणून जिथे अपघात झाला त्या आळीत गेले. खांब बघत उभी होते तेवढ्यात दारात बसलेल्या एका म्हातारीने हाक मारली.

"पोलीसबाई, आलाच हाईत तर आमचं बी लिवून घ्या. आमच्या आळीला दिवा न्हाई."

"आजी, ते ग्रामपंचायतीला सांगा."

"सांगून सांगून तोंड दुखलं. समद्या गावात दिवं हाईत, आमच्याच आळीतलं काढून नेलं. त्या नेटवाल्यानं नेलं. म्हनला, खराब झाल्यात."

मला ते खटकलं. गावाला इंटरनेट पुरवणाऱ्याचा रस्त्यावरच्या दिव्यांशी काय संबंध? मान वर करून पाहिलं. आळीतल्या प्रत्येक खांबावर दिव्याचा होल्डर रिकामा होता आणि त्याच्या जवळच एक छोटी पांढरी पेटी बसवलेली होती. बिनतारी इंटरनेटची. पलीकडच्या पारावर पाच-सहा जण मोबाईलमध्ये डोकं घालून बसले होते.

"काय रे, लाईट तर गेलीय. नेट कसं चालतं?"

"आपल्या गावचं नेट लाईट गेल्यावरच खरं चालतंय, मॅडम," एक जण हसत म्हणाला. "अपघात झाला तवा तेवढं बंद पडलं. सांजच्याला आमी दुकानावर जाऊन बोंबललो, तवा सुरू केलं."

मी त्यांना आणखी काही विचारलं नाही. तपासात कधी कधी प्रश्न न विचारणं जास्त कामाचं असतं. एकाला संशय आला की संध्याकाळपर्यंत सगळ्या गावाला कळतं.

या पेट्यांना परवानगी कोणाची, हे विचारायला आधी ग्रामसेवकाकडे गेले. तो म्हणाला, वीज कंपनीची असेल. वीज कंपनीचा अभियंता म्हणाला, ग्रामपंचायतीची असेल. आमच्याच ठाण्याच्या एका हवालदाराला वाटत होतं की त्या सरकारी योजनेतल्या आहेत. मग मी अभियंत्याकडून नियम समजून घेतला. खांब ज्याचा आहे त्याची लेखी परवानगी हवी. पेटीवर मालकाचं नाव हवं. ती विजेच्या तारांपासून ठरलेलं अंतर सोडून खाली बसवायची. तिला वीज द्यायची ती स्वतंत्र, स्वतःच्या मीटरवरून. खांबावरच्या दुसऱ्या कोणत्याही तारेला हात लावायचा नाही. यातलं एकही त्या पेट्यांच्या बाबतीत पाळलेलं दिसत नव्हतं.

बाजाराच्या दिवशी सकाळीच नेटवाल्याला ठाण्यात बोलावलं. माणूस गावातलाच, कपाळावर गॉगल, हातात दोन मोबाईल. दोन्ही मी टेबलावर ठेवून घेतले आणि त्याच्यासाठी चहा मागवला.

"मॅडम, ह्याला वायरलेस म्हणतात," तो हसला. "वायरच नाही तर करंट कुठून येणार? तुम्हाला समजावून सांगू का?"

"सांग."

शिकवायची हौस असलेल्या माणसाला शिकवू द्यावं. तो बराच वेळ बोलला. तो थांबल्यावर मी विचारलं, "पेटीला वीज कुठून देतोस?"

"खांबावरून. लाईट असली की चालू, गेली की बंद."

"तुझ्या दुकानाच्या फलकावर लिहिलंय, लाईट गेली तरी नेट चालू."

"जाहिरातीत तसं लिहावं लागतं, मॅडम."

"पारावर बसतात तेही तुझी जाहिरात करतात का? लाईट नसताना नेट वापरताना मी डोळ्यांनी पाहिलंय. बरं, ते राहू दे. अपघात झाल्या झाल्या नेट का बंद केलंस?"

त्याने चहाचा कप खाली ठेवला.

"दुकानात इन्व्हर्टर आहे?"

"आहे. पण दुकानापुरता."

"चल, बघू या."

मला काय वाटत होतं ते आता सांगते. रस्त्यावरच्या दिव्यांची तार वेगळी असते. ती रात्री चालू करतात, दिवसा मेलेली असते, त्यामुळे वायरमनही तिला दिवसा भीत नाही. या माणसाने आळीच्या टोकाला ती तार बाकी गावापासून तोडली आणि आपल्या इन्व्हर्टरला जोडली. फुकटात सगळ्या पेट्यांना चोवीस तास वीज. पण मग दिवे दिवसाही जळणार आणि इन्व्हर्टर लगेच उतरणार. म्हणून त्याने दिवेच काढून नेले. मेलेली समजून वायरमनचा हात लागला तो याच तारेला.

पंच घेतले, विद्युत निरीक्षक आले, साहेबही आले. बाजार तसाच टाकून लोक आळीत जमले. ऑपरेटरला त्या काळात कामावरून दूर ठेवलं होतं; तीही येऊन एका बाजूला उभी राहिली. उपकेंद्रातून लाईन बंद केली. निरीक्षकांनी मुख्य तारा तपासून त्या बंद असल्याचं सर्वांसमोर सांगितलं. मग रबरी हातमोजे घातलेल्या एका माणसाने शिडी लावली आणि रिकाम्या होल्डरमध्ये बल्ब बसवला.

बल्ब भक्कन पेटला. सगळ्या गावात लाईट नाही आणि वर ऊन असताना हा बल्ब जळतोय!

मी नेटवाल्याच्या दुकानात जाऊन इन्व्हर्टर बंद केला. बाहेरून ओरडा आला, "इझला!" चालू केला. "पेटला, पेटला!" आणि टाळ्यांचा जो कडकडाट झाला तो दुकानाच्या पत्र्यावर गारा पडाव्यात तसा.

म्हातारी गर्दीतून पुढे आली आणि नेटवाल्यासमोर उभी राहिली. "दिसा पेटतोय, तर मग आमाला अंधारात का ठिवलंस रं, मुडद्या?"

तो खाली बसला. "मॅडम, लाईट गेली की गिऱ्हाईक आईबहिणीवरून शिव्या द्यायचं. मी काय करणार?"

"परवानगी मागायची," मी म्हटलं. पंचनामा केला, इन्व्हर्टर जप्त केला, त्याच्यावर गुन्हा दाखल केला. साहेब माझ्याकडे बघून म्हणाले, "बाई, तुमच्या नावाने उत्तर देतो म्हणालो होतो, ते आता खुशीने देतो."

वायरमनचा भाऊ ऑपरेटरजवळ गेला आणि हळूच म्हणाला, "ताई, चुकलं माजं."

ती म्हणाली, "शिव्या सगळ्यांसमोर दिल्यात. त्या सगळ्यांसमोरच मागे घ्या."

भाऊ पारावर चढला आणि जमलेल्या सगळ्या गावासमोर मोठ्याने माफी मागितली. मला ते आवडलं. कानात मागितलेल्या माफीने गेलेली अब्रू परत येत नाही.

त्या केसने मला शिकवलं ते एवढंच. सार्वजनिक खांब म्हणजे कोणाचाच नसलेला खांब, असं आपण धरून चालतो. त्या पेट्या सगळ्या गावाने पाहिल्या, आणि प्रत्येकाला वाटलं की दुसऱ्या कोणीतरी परवानगी दिली असेल. नियम कागदावर होताच, विचारणारं माणूस नव्हतं. गुन्हा घडला की मात्र समोर दिसेल त्या एकट्या माणसाला पकडायला सगळे धावतात, आणि ती बाई असली तर जरा जास्तच धावतात. पुढे ग्रामपंचायतीने सगळ्या पेट्या उतरवल्या. नंतर दुसऱ्या एकाने रीतसर परवानगी काढून, नाव लिहून, वेगळ्या मीटरवर बसवल्या. आळीत दिवेही लागले.

वायरमन बरा होऊन कामावर आला. पहिल्यांदा खांबावर चढायची वेळ आली त्या सकाळी उपकेंद्रात दुसऱ्या ऑपरेटरची पाळी होती. वायरमन खांबाखाली हत्यारं घेऊन बसून राहिला. लोक म्हणाले, चढ की. त्याने मान हलवली.

"बाईंची पाळी लागू द्या," तो म्हणाला, "मग चढतो."