कूलरमागची भिंत

कूलर सुरू केला की घरात बोक्याच्या मुताचा वास उठायचा. बंद केला की तासाभरात ओसरायचा. नागपूरच्या मे महिन्यात दोन्हीपैकी एक निवडायचं, उकाडा नाहीतर तो वास.

भिवापूरला शिकून मी पदवीधर झाले, आमच्या घरातली पहिली. आईने जन्मभर दुसऱ्यांच्या शेतात मिरच्या तोडल्या म्हणूनच ते झालं. नागपुरात नोकरी लागताच मी तिला सोबत आणलं आणि तळमजल्यावरच्या दोन खोल्या भाड्याने घेतल्या. घरमालकीण काकू वर राहायच्या. खोली देताना त्यांनी जात विचारली नव्हती. सामान लागलं, समोरच्या भिंतीवर बुद्धाची तसबीर लागली, आणि त्यानंतर चहा पुढे केला की त्या "आत्ताच झाला" म्हणू लागल्या.

हिवाळ्यात कूलर काढून आम्ही खिडकीच्या मोकळ्या चौकटीला पुठ्ठा लावला होता. गल्लीतला एक थोराड बोका तो ढकलून आत यायचा, खिडकीखालच्या कोपऱ्यात मुतायचा. आई पुसून घ्यायची. वास जाणवायचा आणि जायचा. उन्हाळ्यात मात्र तो घरभर झाला, जिन्यातून वरही गेला.

काकू दारातच नाकाला पदर लावून उभ्या राहिल्या. "बोका तर साऱ्या गल्लीत फिरते. मग तुमच्याच घरात काहून वास येते? तुमच्यात काय काय शिजते, मले काय माहीत." समोरच्या घरातल्या बाईंनाही त्यांनी हेच सांगितलं, आम्हाला ऐकू जाईल अशा आवाजात. मग म्हणाल्या, महिनाअखेर खोली खाली करा.

मी दुसरं घर बघायचं म्हटलं, तर आई उसळली. "घर जाऊ दे वं. पण हे नाव घेऊन मी जात नाही."

त्या दिवसापासून ती त्या वासाच्या जिवावर उठली. कूलरचं गवत उपटून फेकलं, नवीन लावलं. फरशी फिनाईलने अशी घासली की बोटांची सालं निघाली. फिनाईलचा वास आणि मुताचा वास मिळून तिसराच वास झाला. एका दुपारी तिने ब्लीचिंग पावडरवर संडासचं अ‍ॅसिड ओतलं. मी कामावरून आले तेव्हा ती पायरीवर बसून खोकत होती, डोळे रक्तासारखे लाल, तोंडातून लाळ. आतून छाती जाळणारा वायू बाहेर येत होता. समोरच्या बाई गॅलरीतून पाहत होत्या.

मग एका रविवारी बोका उघड्या दारातून आत आला. आईने दार लावलं आणि काठी घेतली. पहिला वार भांड्यांच्या मांडणीवर बसला, ताटं खाली आली. बोका पडद्यावर चढला, पडदा फाटला. दुसरा वार त्याच्या कमरेवर बसला. तो ओरडला तो आवाज माणसाच्या लेकरासारखा होता. खाली पडताच त्याने आईच्या हातात दात रोवले.

"माय, मरन तो, सोड."

"मरू दे."

मी धावून दार उघडलं. मागचा पाय ओढत तो बाहेर गेला, फरशीवर त्याचं आणि आईचं रक्त एकत्र पडलं होतं. सरकारी दवाखान्यात इंजेक्शनच्या रांगेत आई म्हणाली, "त्याले मारून वास जात नाही, समजते मले. पण कोणाले मारू?"

घरी येताच तिने कूलर सुरू केला, गुडघ्यांवर बसली आणि भिंतीला नाक लावून इंच-इंच हुंगत गेली. कूलरच्या स्टँडमागे, खिडकीखाली, ती थांबली. कूलरच्या ओलीने तिथलं प्लास्टर भिजलं होतं. पुसलेलं सगळं वरवरचं, बाकी भिंतीने पिऊन ठेवलं होतं. शेजारच्या मिस्त्रीची लोखंडी सब्बल, म्हणजे पहार, आणून तिने घाव घालायला सुरुवात केली.

आवाजाने काकू खाली आल्या. "माझी भिंत फोडून राहिली तू?"

"हो, फोडून राहिली."

आईने प्लास्टरचा एक ढलपा उचलला, कूलरच्या पाण्यात बुडवला आणि काकूंच्या नाकाशी धरला. "हुंगा."

काकू मागे सरकल्या, पाठ दाराला लागली. आईच्या पट्टी बांधलेल्या हातात ढलपा, दुसऱ्या हातात सब्बल. पुढचा घाव भिंतीवर बसणार नाही असं मला खरंच वाटलं. मी "माय" म्हणाले. तिने माझ्याकडे पाहिलं नाही.

"कायचा वास आहे?"

काकूंनी तोंड फिरवलं. "बोक्याचा."

"आमचा नाही?"

कूलर घरघरत होता. "नाही."

"मग समोर जे सांगितलं, ते जाऊन वापस घ्या. मी येतो संगं."

दोघी गल्ली ओलांडून गेल्या. काकू मान खाली घालून म्हणाल्या, खालच्या घरात बोका मुतत होता, भिंतीत मुरलं होतं. आई त्यांच्या मागे उभी होती, सब्बल जमिनीला टेकवून.

परत येऊन तिने भिजलेलं सगळं प्लास्टर विटांपर्यंत उतरवलं. गरम पाण्यात धुण्याचा सोडा घालून विटा घासल्या, चांगल्या सुकू दिल्या, मग मिस्त्रीने नवीन प्लास्टर केलं. महिनाअखेर आली आणि गेली, खोली सोडायचं कोणी काढलं नाही. उरलेला उन्हाळा कूलर चालत राहिला. आई त्याच्यासमोर चटई टाकून झोपायची, चावलेला हात हवेत मोकळा सोडून.