सरड्याच्या पेटीचा दसरा

माझ्या सुनेच्या रुखवतात सरडा नव्हता, हे मी आधी सांगते. असता तर लग्न मांडवातच मोडलं असतं. तो आला मागच्या टेम्पोतून, कपाटाच्या आणि गाद्यांच्या आड, काचेच्या पेटीत बसून. त्याच्या शेजारी दुसऱ्या पेटीत तळहाताएवढी एक केसाळ कोळीण. सून कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवते. कुणीतरी मैत्रीण परदेशी गेली, तिची ही दोन लेकरं हिनं दत्तक घेतली होती. सरडा ऑस्ट्रेलियाचा, गळ्याखाली काट्यांची दाढी असलेला. आमच्या कळमनुरीत सरड्यांना तोटा आहे का? पण तिला परदेशी लागला.

माझा धंदा फिनाईलचा. नवरा गेल्यावर डोक्यावर टोपलं घेऊन आठवडी बाजारात बाटल्या विकल्या. आता स्वतःचं दुकान आहे, तरी आठवडी बाजार सोडलेला नाही. नांदेडहून अर्काचे ड्रम येतात, मी मिसळते, भरते, विकते. काळं फिनाईल पाण्यात पडलं की दुधासारखं पांढरं होतं. ते दाखवूनच मी कित्येक गिऱ्हाइकं बांधली. दवाखान्यांपासून मंगल कार्यालयांपर्यंत माझा माल जातो आणि वीस वर्षांत त्याला कुणी नाव ठेवलं नाही. ठेवलं ते सुनेनं, आणि तेही माझ्या विहिणीसमोर.

लग्नानंतर महिन्याभरात विहीणबाई आल्या होत्या. मी त्या दोन पेट्या ठेवलेल्या मागच्या खोलीची फरशी पुसायला बादली उचलली, तर सून आडवी आली.

"आई, या खोलीत फिनाईल नको. यांना ते विष आहे."

विहीणबाई चहा पीत होत्या. त्यांनी कप खाली ठेवून बादलीकडे बघितलं. ते बघणं मी आजही विसरलेली नाही.

साफसफाई ती करत नव्हती असं नाही. उलट फारच करायची. रोज सरड्याची घाण चमच्यानं उचलायची, उरलेले किडे वेचायची. आठवड्याला त्याला झाकणाला भोकं पाडलेल्या डब्यात ठेवून पेटी गरम पाण्यानं आणि साबणानं घासायची. मग कपडे पांढरे करायचं ब्लीच, तेही तीस वाट्या पाण्यात एक वाटी. ते दहा मिनिटं ठेवायचं, वास जाईपर्यंत धुवायचं, उन्हात खडखडीत वाळवायचं. हे सगळं न्हाणीत. सैंपाकघराच्या मोरीत पेटी न्यायची नाही, नंतर हात साबणानं धुवायचे, कारण सरड्याच्या घाणीतून माणसाला जुलाब लागतात म्हणे. कोळिणीच्या पेटीत तर औषध नाहीच. बुरशी आली तर माती बदलायची, तीही हातमोजे घालून, कारण बाईसाहेब रागावल्या की अंगावरचे केस उडवतात आणि खाज सुटते. माझ्या मुलाला लहानपणी मी इतक्या निगुतीनं आंघोळ घातली नव्हती.

मग आला दसरा काढायचा आठवडा. आमच्याकडे घट बसायच्या आधी घर उपसून काढतात. गोधड्या, डबे, भांडी, सगळं धुऊन निघतं, भिंतींवरची जळमटं जातात. आणि माझ्याच घरात कोळीण पेटीत बसून निवांत जाळं विणत होती.

"ह्या खोलीचाबी दसरा काढायचा," मी म्हणाले.

"काढू ना. पण मी काढते, माझ्या पद्धतीनं."

"फिनाईल एकदाच मार. नंतर तीनदा पाण्यानं धू."

"नाही, आई."

"चारदा धू."

"आई, हा बाजार नाही."

"बाजारच आहे, बाई. बरं, पाचदा. वास जाईस्तोवर. मग तर झालं?"

ती हसली. मला वाटलं सौदा जमला. पण म्हणाली, "नको म्हणजे नको. खोलीला हात लावणार नाही असं सांगा." मी रागानं "न्हाई लावत" म्हणाले. रागात दिलेला शब्द मी धरत नाही, ही माझी जुनी सवय.

घटाच्या आदल्या दिवशी तिला नांदेडला पेपर तपासायला जावं लागलं. सगळं घर चकचकीत आणि ती एक खोली पारोशी. सकाळी दहालाच माझा धीर सुटला. कोळिणीला हात लावायची माझी छाती नव्हती, म्हणून ती वाचली. सरड्याला मात्र झाऱ्यानं ढकलत डब्यात घातलं आणि त्याच्या पेटीला, त्यातल्या बसायच्या लाकडाला, फरशीला माझं काळं फिनाईल मनसोक्त फासलं. मग तीनदा धुतलं. वाकून वास घेतला. काही नाही. पुन्हा घेतला. काही नाही. पुसलं, लाकूड ठेवलं, सरडा ठेवला, त्याचा गरम दिवा लावला. मनात म्हटलं, आता येऊ दे विहीणबाईला.

तासाभरानं खोलीत गेले तर सरडा दिव्यापासून लांब, कोपऱ्यात पसरलेला. डोळे मिटलेले, तोंड उघडं. आणि दाढी काळी, कोळशासारखी. मी काचेवर टिचकी मारली. हलला नाही.

मी बाजारात भल्याभल्यांना घाम फोडलेला आहे. पण सुनेला फोन लावताना माझ्या हाताला घाम होता.

"सरडा काळा पडून राहिला गं."

तिनं लगेच विचारलं, "आई, फिनाईल?"

"व्हय."

ती ओरडली असती तर बरं झालं असतं, मलाही ओरडता आलं असतं. ती फक्त सांगत गेली. त्याला आधी बाहेर मोकळ्या हवेत न्या. पोट आणि पाय कोमट पाण्यानं धुवा, तोंडात पाणी जाऊ देऊ नका. कोरड्या डब्यात कागदावर ठेवा, उबदार सावलीत. खोलीच्या खिडक्या उघडा. "आणि कोळिणीची पेटीही बाहेर काढा."

"ती मी न्हाई उचलायची."

"आई, ती पण मरेल."

उचलली. पेटी अंगापासून हातभर लांब धरून, डोळे अर्धे मिटून, देवीचं नाव घेत. आतली बाई ढिम्म हलली नाही. सरड्याला तळहातावर धरून धुतलं. पोट मऊ होतं, आणि त्यात काहीतरी हळूहळू धडधडत होतं. हे जनावर हाताला असं लागतं हे मला कुणी सांगितलं नव्हतं. जनावरांच्या डॉक्टरला फोन केला. तो म्हणाला, "मावशी, म्हैस असती तर लगेच आलो असतो."

सून पेपर अर्धवट टाकून दुपारच्या बसनं आली. चपला न काढता आधी मागच्या खोलीत गेली आणि नाकाला पदर लावून बाहेर आली.

"आई, दारातच डोळे चुरचुरतात. तुम्हाला खरंच वास येत नाही?"

"न्हाई येत. दोनदा घेतला म्या."

तिनं नाकावरचा पदर खाली घेतला. मग हळूच म्हणाली, "वीस वर्षं त्यातच आहात. तुमच्या नाकाला तो कळतच नाही आता."

विहिणीसमोर बोलली होती त्यापेक्षा हे जास्त लागलं, कारण ह्यावर मला घासाघीस करता येईना. तिनं लाकूड फेकून दिलं. लाकडात मुरलेलं निघत नाही म्हणाली. पेटी पुन्हा पुन्हा धुऊन उन्हात टाकली, आणि वास घ्यायला माझ्या मुलाला बोलावलं, मला नाही.

दुसऱ्या दिवशी घट बसले. देवीपासून चार हातांवर प्लास्टिकच्या डब्यात ऑस्ट्रेलियाचा पाहुणा. येणाऱ्या बायका आधी देवीला नमस्कार करत आणि मग किंचाळत. तिसऱ्या माळेला त्याची दाढी पुन्हा पिवळसर झाली. पाचव्या माळेला त्यानं एक झुरळ गिळलं, आणि सून देवघरासमोर बसून रडली. मी सैंपाकघरात गेले. मला काम होतं.

त्यानंतर तिनं एकच गोष्ट मागितली, बाटलीवर चिठ्ठी. मी नाही म्हणाले. ती दोन ओळी मागत होती, मी एकीवर आणली: "सरडे, पाली, कोळी, मासे, मांजर यांच्याजवळ वापरू नये." अक्षर बारीक ठेवायचं हेही कबूल करून घेतलं.

पुढच्या आठवडी बाजारात एका गिऱ्हाइकानं ती बारीक अक्षरं बोट ठेवून वाचली.

"मावशी, ह्याच्यानं पाली मरत्यात व्हय? मग चार बाटल्या द्या. घरात लई झाल्यात."

चार बाटल्या मी पिशवीत भरल्याही होत्या. मग हाताला ते मऊ, धडधडणारं पोट आठवलं.

"फरशी पुसायला पाहिजे तर घे. मारायला न्हाई विकत म्या."

तो हसला आणि पलीकडच्या फिनाईलवाल्याकडे गेला. टोपल्याच्या दिवसांपासून आजपर्यंत हातात आलेलं गिऱ्हाईक मी सोडलं नव्हतं. ते सोडायला लावलं ह्या पोरीनं. हे मी तिला अजून सांगितलेलं नाही, आणि सांगेन तेव्हा तिची आई चहा पीत समोर बसलेली असेल, हे नक्की.