गर्जनेचं वजन

समुद्रपूरच्या हेमराज साऊंडवाल्याला माल पारखायला कान लागत नसत, कंबर पुरायची. नागपूरच्या दुकानात तो अॅम्प्लिफायर दोन्ही हातांनी उचलायचा आणि कण्हला, तरच घ्यायचा. "जड तेच दमदार," हे त्याचं ब्रह्मवाक्य. घ्यायचा तोही 'गर्जना' कंपनीचाच, कारण बापानं तोच वाजवला होता. समोरच्या दुसऱ्या साऊंडवाल्याची, धर्मेंद्रची, हलकी मशीनं म्हणजे त्याच्या मते चायनाचे टिफिन. देवीच्या मांडवात चायना वाजू देणार नाही, असं हेमराज चौकाचौकांत सांगत फिरे, आणि म्हणूनच नवरात्र मंडळाचं काम दरवर्षी त्याच्याकडे येई.

यंदा खांडेनवमीला त्यानं नव्या गर्जनेला हळदकुंकू वाहिलं, झेंडूचा हार घातला आणि भक्तीच्या भरात नारळ थेट मशीनवरच फोडला. मशीन चालूच होतं. पाणी जाळीतून आत गेलं, धूर बाहेर आला. संध्याकाळी मांडवात आरती होती!

त्यानं घाईघाईनं पत्रा उघडला. आत तळाला विटेएवढा सिमेंटचा ठोकळा स्क्रूनं कसलेला, आणि बाजूला तळहाताएवढा जळका बोर्ड, त्यावर चिनी अक्षरं. "हरामखोरहो, वजन इकता का मले?" कंपनीच्या सात पिढ्यांचा उद्धार करत तो नाक मुठीत धरून धर्मेंद्रकडे गेला.

धर्मेंद्रनं आपलं मशीन उघडून दाखवलं. तोच बोर्ड, तीच अक्षरं. "एकाच कारखान्यातून येते भाऊ. तुमच्यावाल्यावर नाव मोठं. माह्यात सिमीट नाई, बस्स." सणाचा दिवस म्हणून त्यानं आपल्याकडचा जास्तीचा बोर्ड काढून दिला. भोकाला भोक बसलं. आवाज खणखणीत निघाला.

हेमराजनं ठोकळा उकिरड्यावर फेकला. निघताना मशीन उचलायला हात लावत बायको चंचल म्हणाली, "अवो, हे तं हलकं लागून राह्यलं. लक्ष्मणराव उचलून पाह्यतेच ना."

पाहणारच. मंडळाचे अध्यक्ष लक्ष्मणराव दरवर्षी आरतीआधी मशीन उचलून बघत. ती पारख त्यांना हेमराजनंच शिकवली होती. हलकं निघालं तर काम धर्मेंद्रकडे जाणार.

हेमराज परत उकिरड्यावर गेला. ठोकळा आणून पुसला, आत ठेवला आणि स्वतःच्या हातानं स्क्रू कसले.

मांडवात लक्ष्मणरावांनी मशीन उचललं आणि कण्हले. "वा! याले म्हणते माल. चायनात भेटन का हे?"

पुढे बसलेल्या धर्मेंद्रनं गुपचूप देवीला हात जोडले. हेमराजला मेल्याहून मेल्यासारखं झालं. दुपारी कंपनीला घातलेल्या शिव्या त्याला एकेक करून आठवल्या, आणि एकूण एक त्यालाच लागू पडल्या.