डेझर्ट रोडवरची जांभळी फुलं
सनस्क्रीनचा वास आला की इथल्या डेझर्ट रोडवरचा जानेवारीतला तो उन्हाळा आठवतो. पुण्याहून आई पहिल्यांदाच माझ्याकडे परदेशात आली होती. राखाडी वाळू, झोंबरा वारा आणि नजर जाईल तिथवर जांभळी झुडपं. मी गुडघे टेकून फुलांचे फोटो काढत होतो, तेवढ्यात आईने गाडीतल्या गणपतीसाठी ओंजळभर फुलं तोडली. "आई, इथं फुलं तोडायची नसतात!" मी ओरडलोच. शेजारी थर्मॉसमधून चहा ओतणारं कुटुंब वळून बघायला लागलं. आईने फुलं गुपचूप झुडपाच्या बुंध्याशी ठेवली आणि त्याला हात जोडले. पुढे कळलं की ते जांभळं झुडूप म्हणजे हेदर, बाहेरून आणलेलं आणि इथं माजलेलं तण, लोक ते मुळासकट उपटतात. आई अजूनही फोनवर विचारते, "त्या झुडपाला परत फुलं आली का रे?" मी "आली" म्हणतो आणि विषय बदलतो.