उणे दोन आणि शेषरावमामांचा ब्रेक

एकाच बसनं दोन वर्षं अपडाऊन केलं की डब्यातल्या भाजीचासुद्धा किस्सा होतो. आम्ही हट्टा गावचे तिघं, म्हणजे मी, गौतम आणि सुनीता, अकरावी-बारावी सायन्सला वसमतला जायचो. फिजिक्सचे खंदारे सर त्याच बसला असायचे आणि गाडी शेषरावमामांच्या हातात. आता मी स्वतःची गाडी चालवतो, पण तिच्यात ती मजा नाही, हे आधीच सांगून टाकतो.

सरांना गप्प बसवत नसे. फाट्यावर गाडी हळू झाली की प्रश्न तयार. "वेग दहा मीटर प्रति सेकंद, पाच सेकंदांत थांबली. त्वरण?" सुनीता खिडकीतून नजर न काढता सांगायची, उणे दोन. मग गाडीचं वस्तुमान दहा हजार किलो धरून संवेगातला बदल उणे एक लाख आणि बल उणे वीस हजार न्यूटन. कंडक्टरनं एकदा हे गणित ऐकलं आणि म्हणाला, "वीस हजार काहून लागले? मामानं तर एकाच पायानं थांबवली."

गौतमचं उणे कायम राहून जायचं. एकदा चाचणीत त्यानं अधिक दोन लिहिलं. सरांनी पेपर थेट मामांना दाखवला. मामा शांतपणे म्हणाले, "म्हंजे ब्रेक दाबला की गाडी पळून राहिली. लेकरा, तुझ्या गाडीत मी न्हाई बसनार." पुढच्या चाचणीत गौतमनं वस्तुमानालाही उणे लावलं!

एकदा मामांनीच विचारलं, धक्का निम्मा करायचा तर काय करावं? सर म्हणाले, थांबायला दुप्पट वेळ घ्या. "ते मला म्हाईत हाय," मामा म्हणाले. "डेपोतल्या टाइमकीपरला शिकवा."

बारावीच्या वर्षी आईचं पोटाचं ऑपरेशन वसमतला झालं. घरी न्यायला हीच बस. धक्का बसला तर टाके उसवतील, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. मला फार भीती वाटत होती. मी मामांना एवढंच म्हणालो, "मामा, आईचे टाके ओले हायेत."

सरांनी आपली जागा आईला दिली आणि त्या दिवशी एकही प्रश्न विचारला नाही. गाडीला बराच उशीर झाला, पण कुणी कुरकुर केली नाही. आई सगळा रस्ता डोळे गच्च मिटून, एका हातानं पोट आणि दुसऱ्यानं माझं मनगट धरून बसली होती.

हट्ट्याच्या स्टॉपवर माणसं उतरून गेली. मामा खाली उतरून मागच्या दाराशी येऊन उभे राहिले. आईनं डोळे न उघडताच विचारलं, "हट्टा अजून किती दूर हाय रे?"