भाषनाला उठलो, जेवायला बसलो

समाजसेवेत तुमी कसं आलात, असं कुनी इचारलं की मी खरं तेच सांगतो. बाकीचे लोक लई मोठं मोठं सांगतात. मला वासानं आनलं.

दुस्काळ हुता. तिसगावच्या अलीकडं आमच्या गावाला तळ्याचं काम निघालं. आई तितं मातीच्या पाट्या टाकायची. मीबी हुतो, पर मुकादम म्हनायचा, ह्याची पाटी कमी अन् तोंड जास्त चालतं. तेवढ्यात नगरवरनं एका संस्थेची ताई आली. तिनं कामावरच्या पोरांसाठी लापशीची चूल मांडली, अन् मदतीला बोलका गडी मागितला. मुकादमानं मला लगेच देऊन टाकलं. पगार न्हाई, दुपारची लापशी.

शिजवायला बौद्ध वस्तीतली एक आक्का हुती. तिच्या वस्तीतली पोरं जेवली, पर आमच्या आळीतल्या बायांनी आपली पोरं उचलून नेली. दुसऱ्या दिवशीबी तेच. मीबी आईच्या भ्यानं लापशी नुसती हुंगली.

ताई म्हनली, "उद्या सगळी मुलं एका पंगतीत बसली नाहीत, तर चूल दुसऱ्या गावाला हलवावी लागेल. तुम्ही बोला त्यांच्याशी. माणसं सगळी सारखी, एवढंच सांगा."

आक्का पळी धूत राह्यली. चूल हलली तर तिचीबी पोरं उपाशी राह्यली असती.

सकाळी मी बैलाफुडं भाषन म्हनून बघितलं. बैलाला पटलं.

दुपारच्या सुट्टीला दगडावर उभा राह्यलो. समोर समद्या बाया, आई फुडंच. म्हनलो, "मानसं समदी..." अन् आक्कानं झाकन काढलं. गुळाचा असा वास आला की फुडचं भाषन कुटं गेलं कळलं न्हाई. खाली उतरलो, ताटली घेतली अन् बसलो.

"झालं का भाषन?" आक्का म्हनली.

"तोंड रिकामं झालं की करतो."

दुसरी ताटली झाली. तिसरी मागितली तशी ती म्हनली, "दादा, पोरांची हाय ती."

तवर आमच्या आळीतलं एक पोरगं वरडलं, "आये, ह्यो समदी संपवतोय की," अन् हात सोडून पळत आलं. त्याच्यामागं बाकीची. बाया हाका मारत राह्यल्या. पंगत भरली.

सांजच्याला आईनं मला घरात घेतलं न्हाई. ताट ओट्यावर सरकवलं. "समाजसेवक, भायेरच जेवा." जेवलो. मला कुटंबी चालतं.

दुसऱ्या दिवशी आई माज्या भावाची पोरगी कडंवर घेऊन तडक चुलीकडं आली. आता आक्काचं काय खरं न्हाई, असं वाटून मी दगडामागं झालो. ताईबी उठून उभी राह्यली.

आई आक्काला म्हनली, "काल गूळ कमी पडला का गं?"

"तुमाला कसं कळलं, आत्याबाई?"

"काल ही पोर जेवून आली अन् माज्या पदराला हात पुसला."

"म्हंजी पदर चाटला का?" मी दगडामागनं इचारलं.

"तू गप. तुजं ताट अजून ओट्यावरच हाय," आई म्हनली, अन् पोरीला पंगतीत बसवलं.

चूल पाऊस पडंपतूर तितंच राह्यली. मग ताईनं मला संस्थेत कायमचा घेतला. नव्या गावाला चूल मांडायची झाली की मला आदल्या दिवशी निरोप यायचा, "भाषण नको. फक्त उपाशी या."